सुई चालायची, थेंब नाही

आबाराव म्हणजे ईट गावाकडच्या एका लहान खेड्यातल्या दूध सोसायटीचा चेअरमन. कर्तबगारी काय, तर दुसऱ्यांच्या बायांनी पहाटे उठून काढलेल्या दुधाला खुर्चीत बसून नाकं मुरडायची. पण ऐट अशी, की गावच्या म्हशी जणू यालाच विचारून पान्हा सोडतात!

तारामती नर्सबाईला हा माणूस डोळ्यांपुढं नको व्हायचा. ती येडशीची, बौद्ध घरातली. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर रस्त्याची खडी फोडली, तशातच शाळा रेटली, ट्रेनिंग केलं आणि सरकारी नोकरी मिळवली. शहाऐंशीला पुन्हा पाण्याची बोंब उठली तेव्हा ती या गावात नेमणुकीवर होती. ठरल्या दिवशी तालुक्याहून थर्मासमध्ये बर्फ घालून पोलिओचं औषध एसटीनं आणायची, मांडीवर धरून, लेकरासारखं.

विहिरी आटलेल्या. सगळं गाव ओढ्यात खणलेल्या झिऱ्यावर पाणी भरायचं, आणि त्याच ओढ्याच्या काठाला परसाकडंला बसायचं. तारामती बायांना सांगून सांगून थकली. "अगं, पोलिओचा रोग तोंडातनं पोटात जातो. आतड्यात वाढतो. लेकरू वरनं धडधाकट दिसतं, पण त्याच्या शौचातनं रोग पाण्यात उतरतो, हाताला लागतो, दुसऱ्याच्या तोंडात जातो. शंभरात बहुतेकांना काहीच होत न्हाय, कुणाला नुसता ताप. पण एखाद्याच्या नसा धरतो, आणि मग पाय जातो तो जातोच." बाया माना डोलवायच्या आणि पाणी न उकळता प्यायच्या. जळण तरी कुठं होतं म्हणा.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी ती शाळेच्या ओट्यावर थेंब पाजत बसली होती. आबारावाची सून बनाबाई दीड वर्षाच्या रामलिंगला कडेवर घेऊन रांगेत आली. समोरच्या सोसायटीतनं सासरा ओरडला, "सूनबाई, माघारी फिर! हिच्या हातचं तोंडात घालतीस व्हय?"

"आबासाहेब, गेल्या महिन्यात याला माझ्याच हातची सुई चालली की," तारामती म्हणाली.

"सुईचं येगळं. सुई मांडीत जाती. हे तोंडात जातंय."

वा रे शास्त्र! याच्या घरचा रांजण त्याच झिऱ्यावर भरायचा. साऱ्या गावाची घाण गटागटा पिताना याला विटाळ होत नव्हता, आणि औषधाच्या दोन थेंबांनी मात्र धर्म बुडत होता. बनाबाई मान खाली घालून गेली. तारामतीनं बाटली बर्फात ठेवली आणि पुढच्या लेकराचे गाल धरले. मनातल्या मनात तिनं आबारावाला दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

महिनाभरात रामलिंगला ताप भरला. गावात आधीच दोन लेकरांचे पाय लुळे पडले होते. तारामती धावत गेली. तिला घरात कोण घेतंय? अंगणातनंच सांगितलं, "साथ हाय. ताप पोलिओचा असला तर सुई मारू नका. ज्या पायात सुई बसंल तोच जायची भीती असती. लेकराला निजवून ठेवा, तालुक्याला न्या."

"ताप काय सुईबिगर उतरतो व्हय?" आबाराव हसला. मच्छिंद्र कंपाउंडर आधीच बोलावलेला होता. आजाराचं नाव माहीत नसलं तरी सुई मारणारा हा गडी. त्यानं उजव्या खुब्यात सुई ठोकली आणि चहा पिऊन गेला.

दोन दिवसांनी ताप उतरला. आबारावानं चारचौघांत मिशीवर ताव मारला. तिसऱ्या दिवशी लेकरू उभं राहीना. उजवा पाय ओल्या फडक्यागत लोंबत होता.

मग काय, अंगावरनं वारं गेलं म्हणून तेल चोळलं, अंगारे लावले, कुणाकुणाच्या दारात नेलं. वर म्हणे, त्या नर्सच्या थर्मासातनंच रोग गावात आला! तारामतीनं ते ऐकलं आणि पहिल्यांदाच या नोकरीवर थुंकावंसं वाटलं तिला. पण शनिवार आला की ती थर्मास घेऊन हजर.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी बनाबाई भर दुपारी बौद्धवाड्यात, तारामतीच्या दारात आली. खांद्याशी पावसाळ्यात झालेला तीन महिन्यांचा धाकटा, मागं पाय ओढत, रांगत रामलिंग. आणि त्याच्या मागं, कुणी बोलावलेलं नसताना, चेअरमनसाहेब.

"पाजा बाई," बनाबाई म्हणाली. सासऱ्याकडं तिनं बघितलंही नाही.

तारामतीनं धाकट्याच्या तोंडात दोन थेंब सोडले. ते बघून रामलिंगनंही चिमणीच्या पिल्लागत आ केला. तिनं त्यालाही दोन थेंब दिले.

आबाराव खाकरला. आजवर तिला अगंतुगं करणारा तो माणूस हळूच म्हणाला, "बाई, यानं त्याचा पाय येईल का हो?"

"न्हाय," तारामती म्हणाली.