दादाची काळी टोपी

परवा गादीसाठी कापूस आणला. पोत्याचं तोंड सोडलं, सरकीचा तेलकट वास आला आणि मी थेट अकोल्याच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जाऊन पोचलो.

साठीच्या दशकातली गोष्ट. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची जागा निघाली होती. त्याच जिनिंगमध्ये बारा वर्षं राबलेला माझा थोरला भाऊ, दादा, नुसत्या चिमटीत धरून धाग्याची लांबी सांगायचा. पण साहेबांना पदवीधर हवा होता. घरात पदवीधर मी. दादाच्याच मजुरीवर अमरावतीला इतिहास घेऊन बी. ए. झालेला. इतिहासाचा आणि कापसाचा संबंध काय, हे कुणीही विचारलं नाही.

साहेबांनी माझ्या हातात कापूस दिला. दादानं शिकवलं होतं तसे मी तंतू ओढले, पण टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ते दिसेनात. दाराशी उभा असलेला दादा पुढे आला आणि डोक्यावरची काळी टोपी काढून त्यानं माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर तंतू लख्ख दिसले. मी लांबी सांगितली. जागा मला मिळाली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “दादा, हे काम तर तुले येते.”

“येते न. पण माह्यापाशी कागद कुठी हाय?” असं म्हणून हसत त्यानं टोपी चढवली. तंतू तिला तसेच चिकटलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी आत शिरलो, तेव्हा इतर मजुरांबरोबर दादाही उठून उभा राहिला. मी त्याला ‘बस’ म्हणालो नाही. खरं सांगतो, तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.