डबल स्पीड

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मारेगावहून आमच्याकडे यवतमाळला राहायला आली, तेव्हा मी आधी तिची खोली लावली, मग वेळापत्रक. सकाळी जीवशास्त्र, दुपारी रसायनशास्त्र, संध्याकाळी जुने पेपर. नर्सिंगची प्रवेश परीक्षा ती दुसऱ्यांदा देणार होती. यंदा जमलं नाही तर लग्न, असं तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं.

फोन मी पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवला. लेक्चरपुरता द्यायचा, बाकी बंद. तिने कुरकुर केली नाही. मागचं वर्ष रील्समध्ये गेलं, हे तिला कळत होतं. टेबलाशी नेमाने बसायची, पण पान उलटत नसे.

एका दुपारी मी म्हटलं, मी वाचते, तू ऐक. हृदयाच्या कप्प्यांचा धडा होता. दोन-चार वाक्यं झाली असतील.

"मावशी, जरा फास्ट वाच ना. लय हळू वाचून राह्यली तू."

"माझ्या तोंडाले काय बटन आहे?"

ती हसली. "लेक्चर मी डबल स्पीडनंच ऐकते. साधं बोलणं ऐकलं का झोप येते मले."

मग मी धाप लागेस्तोवर भराभरा वाचलं. थांबून विचारलं, "फुप्फुसातलं रक्त कोणत्या कप्प्यात येतं?"

ती मान वाकवून माझ्या हातातल्या पुस्तकात डोकावू लागली.

"आत्ताच तर ऐकलं!"

"ऐकलं ना. पण थांबत नाही डोक्यात. नवीन आलं का आधीचं जाते."

मी वेळापत्रक बदललं. छोटे तुकडे केले, हाताने लिहायला लावलं, मध्ये फिरायला नेलं. काही उपयोग झाला नाही. एकदा भाकरी थापताना ती शेजारी येऊन म्हणाली, "फोन होता तवा वाटे, फोनमुळं होत नाही. आता फोन नाही, तरी होत नाही. आईले तूच सांग, मावशी."

बहिणीचा रोज फोन यायचा. "पोरगी बसते ना अभ्यासाले?" मी "बसते" म्हणायची, आणि ते खरंच होतं. त्या दिवशी मात्र सगळं सांगितलं.

बहीण म्हणाली, "घाटंजीचे पाहुणे विचारून राह्यले होते, ताई. यायले सांगते मंग त्यायले."

"अगं, परीक्षा तरी देऊ दे तिले."

"देऊ दे ना," ती म्हणाली. "फारम तर भरलाच आहे."