असरच्या तीन रकाती

इमामसाहेब मैंदर्गीला बहिणीकडे गेले होते, म्हणून त्या दिवशी असरची, दुपार उतरल्यावरची नमाज मी पढवली. नवी पेठेमागच्या आमच्या लहानशा मशिदीच्या कमिटीचा मी नुकताच सदर, म्हणजे अध्यक्ष झालो होतो. असरला रकातींची चार आवर्तने असतात; तिसरीलाच मी सलाम फेरून नमाज संपवली. इमाम चुकला तर मागच्याने 'सुबहानल्लाह' म्हणून त्याला सावध करावे, अशी आमची रीत आहे; त्याला वयाची वा हुद्द्याची अट नाही. मागून आवाज आला नाही.

दुआ संपल्यावर माझा बालमित्र, चादरींचा दुकानदार, जवळ सरकला. "सदरसाब, आज एक रकात उधार रखे क्या?"

मी विचारले, "तुला कळले होते?"

"सबकू मालूम हुआ."

"मग टोकले का नाहीस?"

"पिछले जुम्मे कू बांगीसाब टोके थे ना. क्या हुआ फिर? अब कौन टोकता, बाबा."

बांग देणाऱ्या त्या वृद्धांनी तेव्हा माझी चूक दाखवली होती आणि मी सर्वांदेखत एवढेच म्हटले होते, "तुमचे काम बांग देण्याचे." आवाज चढवला नव्हता. मी कधीच चढवत नाही. म्हणून मला कोणी भीत नाही, असे मी धरून चाललो होतो.

इमामसाहेब फोनवर म्हणाले, "नमाज पुन्हा पढा. जे उठून गेले त्यांनाही कळवा. त्यांची नमाज तुमच्याकडे सोपवलेली अमानत होती."

मी नमाजींच्या जमातीसमोर चूक सांगितली, बांगीसाहेबांची माफी मागितली आणि नमाज पुन्हा पढवायला त्यांनाच पुढे उभे केले. नंतर बाहेर पडलो. शेजारचे दोन दुकानदार लगेच भेटले. राहिला एक परगावचा माणूस. सलाम होताच निळी पिशवी उचलून तो निघाला होता. त्याला पंढरपूरची गाडी धरायची होती, असे कोणीतरी म्हणाले.

एसटी स्टँडवर गाडी उभी होती. निळ्या पिशव्या दोन-तीन दिसल्या. "आपण असर आमच्याकडे पढलात का?" असे विचारत मी खिडकीखिडकीशी गेलो. लोक गोंधळून माना हलवीत होते. गाडी सुटली.

त्याची नमाज अजून अपुरी आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. कयामतला, हिशेबाच्या दिवशी तो मला ओळखील. मी त्याचा चेहराही पाहिलेला नाही. मी पुढे उभा होतो.