सुरूतल्या तारा

हरिहरेश्वरच्या अलीकडे, माझ्या आजोळच्या नारळाच्या वाडीमागे, मोठ्या मामाने सुरूच्या झाडांना पितळी तारा ताणल्या होत्या. सतार सोडून दिल्यावर त्याने उरलेलं आयुष्य त्या तारांवर घालवलं. वाजवायचं काम वाऱ्याचं. कोणती तार किती ताणायची हे फक्त मामाच्या बोटांना ठाऊक, आणि ध्वनिमुद्रण तो कुणालाच करू देत नसे. मुंबई-पुण्याचे कितीतरी वादक इथल्या वाळूत बसून ऐकायला शिकले. आज त्यांचं संगीत कानावर आलं की मला त्यात आमच्या वाडीमागचा वारा ओळखू येतो.

गावाचा मात्र तारांवर राग होता. त्या घुमायला लागल्या की कावळे फिरकत नसत. पितृपक्षातला घास तसाच पडून राही. धाकटा मामा कुरकुरला की मोठा हसायचा. "पितरांना सूर कळत नाय, त्याला मी काय करू?"

मोठा मामा गेला, त्याच्या दहाव्याला पिंड त्याच सुरूंखाली ठेवला, त्याची आवडती जागा म्हणून. कावळा शिवेना.

"दादा, वहिनीला काय कमी पडू देणार नाय," धाकटा मामा हात जोडून म्हणाला. कावळे लांबच.

"तुझी खोली पर्यटकांना देणार नाय!"

"आता तर मुळीच यायचा नाय," मागून कुणीतरी म्हणालं. "खोटं कळतं त्याला."

लोक हसले. मी पुढे झाले. "मामा, तारा आम्ही जपू." एक कावळा खरंच खाली उतरला. तेवढ्यात वारा सुटला, तारा घुमल्या आणि तो उडून गेला.

भटजींना म्हसळ्याला दुसरा दहावा होता. त्यांनी मोठ्या मामीकडे पाहिलं.

"कापा त्या," मामी म्हणाली. "जन्मभर ऐकल्या मी. आता तरी सुटू देत ह्यांना."

"मामी, पुन्हा कुणाला जुळवता येणार नाहीत."

"बरं होईल."

धाकट्या मामाने पक्कड आणली. कापताना प्रत्येक तार एकदा वाजली, प्रत्येक वेगळ्या सुरात. शेवटची वाळूत पडली, आणि कावळे पिंडावर उतरले.

"बघ, हेच हवं होतं त्याला," धाकटा मामा मला म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते.

दुपारी मोठ्या मामाचे शिष्य पोचले. धाकट्या मामाने तारांचे वीतभर तुकडे करून प्रसादासारखे वाटले. त्यांच्यातल्या सर्वांत नावाजलेल्याने आपला तुकडा कपाळाला लावला, कानाशी धरला आणि नखाने छेडला. सूर उमटला नाही.

"खारी हवा लागलीय तिला," धाकटा मामा म्हणाला. "दुसरा तुकडा देऊ?"