तातडीचं असेल तर फोन येईलच

उमाकांत पारसनीस चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, पण त्याच्या हाताला ग्रीस कधी लागलं नाही. इमारतीच्या तळमजल्यावर पंपांचे सुटे भाग बनायचे, आणि तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात, उमाकांतसारखी चाळीस माणसं एका मोबाइल कंपनीच्या नेटवर्कसाठी सॉफ्टवेअर लिहायची. वय सेहेचाळीस, जाड चष्मा, डब्यात पोळी-भाजी आणि वर दहीभात. जन्म मिरजेचा, पण वडील जवळच्याच आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात लागले म्हणून शाळा-कॉलेज सगळं इथलंच. तमिळ इतकं सफाईचं की रिक्षावाले त्याला जास्त भाडं सांगत नसत. चेन्नईत याहून मोठी पदवी नाही.

त्याचं काम काय, ते सांगायला सोपं आहे. मोबाइल वापरात नसला की खिशात झोपतो. झोपला की तो नेमका कुठल्या टॉवरखाली आहे हे नेटवर्कला ठाऊक नसतं, फार तर शहराच्या एवढ्या भागात कुठेतरी आहे इतकंच. मग त्याच्यासाठी काही आलं की त्या भागातल्या सगळ्या टॉवरांवरून त्याच्या नावानं हाका मारायच्या, आणि तो उठून ओ म्हणाला की माल त्याच्या हवाली करायचा. फोन आला असेल तर हाक मारायलाच हवी. पण क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य, जाहिरातीचं चित्र, असल्या फुटकळ डेटासाठीही हाका मारत बसलं तर टॉवर मेटाकुटीला येतात आणि लोकांच्या बॅटऱ्या दुपारीच मान टाकतात. २००८ साली डेटावाले फोन भराभर वाढले, तसं मोबाइल कंपनीनं सांगितलं, की फुटकळ डेटा अडवून धरा. फोन स्वतःहून काही पाठवायला उठला की तेव्हा त्याच्या पदरात घाला, नाहीतर दोन तासांनी. आता फुटकळ कशाला म्हणायचं याची यादी करणं आलं. ती करणाऱ्यांत उमाकांत होता.

ऑफिसात एक रीत होती. असली यादी मेलनं सगळ्यांकडे फिरायची आणि शेवटच्या रकान्यात ज्याची त्यानं हरकत लिहायची. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत रकाना कोरा राहिला की मान्य. तो कोराच राहायचा, कारण हरकत घेईल त्याच्याच गळ्यात पुढचं सगळं लोढणं पडे: नवा प्रस्ताव, नव्या चाचण्या, परदेशातल्या माणसांबरोबर आडवेळेच्या बैठका. शहाणी माणसं त्या रकान्याकडे बघतच नसत.

यादीच्या चौदाव्या ओळीत लिहिलं होतं: चॅटचे निरोप, थांबवले तरी चालतील. पुढे कारणही दिलं होतं. तातडीचं असेल तर माणूस फोनच करतो.

उमाकांत त्या ओळीपाशी अडला. त्याची मुलगी रेवा तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. दीड वर्षाची असताना मेंदूज्वर झाला, पोर वाचली पण कान गेले. घरात तिच्याशी बोलणं खुणांनी चाले, आणि ती घराबाहेर पडली की चॅटवर. शाळेत ती तमिळ आणि इंग्रजी शिकली. मराठी तिच्या कानावर पडायचा प्रश्नच नव्हता. तिला मराठी आलं ते बापाच्या चॅटमधून, रोमन अक्षरांत. 'जेवलीस का', 'आई चिडली आहे, लवकर ये', 'पेन्सिली विसरलीस'. त्यावर तिची उत्तरं यायची: 'तू पण ना बाबा!' हे 'तू पण ना' तिनं कुठून उचललं देव जाणे, पण उमाकांत ते वाचून ऑफिसात एकटाच हसायचा.

ऑफिसात यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. त्यानं लपवलं होतं असं नाही, सांगितलं नव्हतं. एकदा सांगितलं की लोकांचा आवाज बदलतो, माणसं उगाच हळू बोलायला लागतात, आणि ते त्याला सोसत नसे. मग हरकतीत लिहायचं काय? माझ्या मुलीला ऐकू येत नाही? पंचवीस लाख गिऱ्हाइकांच्या यादीत आपल्या घरचं रडगाणं? कर्सर त्या रकान्यात लुकलुकत राहिला, पाच वाजले, रकाना कोरा राहिला. मला विचाराल तर तो भित्रेपणा होता, निव्वळ भित्रेपणा, आणि हे उमाकांतलाही पुरतं ठाऊक होतं.

जुलैत यादी लागू झाली. आठवड्याभरात मोबाइल कंपनीचा अभिनंदनाचा मेल आला आणि मजल्यावर मैसूरपाक वाटला गेला.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी दुपारी उमाकांतची बायको कल्पना न्हाणीघरात पाय घसरून पडली. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. तिनंच कसाबसा उमाकांतला फोन केला, तो धावत घरी गेला, रिक्षात घालून तिला हॉस्पिटलात नेलं. रेवा तेव्हा शहरातल्या चेटपेट भागात होती. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी तिथे चित्रकला आणि छपाईची मांडणी शिकवणारा एक वर्ग होता. साडेचारच्या गाडीनं ती अंबत्तूरला उतरायची. उमाकांतनं हॉस्पिटलच्या बाकावरून निरोप पाठवला: 'आई पडली. घाबरू नकोस. घरी न जाता हॉस्पिटलमध्ये ये.' उत्तर नाही. 'रेवा?' उत्तर नाही. एकामागून एक सात निरोप त्यानं पाठवले. मग एसएमएसही केला, पण एसएमएसची थरथर रेवानं कधीच बंद करून टाकली होती. कर्जवाले आणि रिंगटोन विकणारे दिवसाला चाळीसदा तिचा खिसा हलवायचे. नको म्हणून नोंदवूनही थांबत नसत. बहिऱ्या मुलीला रिंगटोन विकणाऱ्यांपुढे कोण काय बोलणार! शेजारी फोन करावा तर तमिळ आडी महिन्यातला देवीचा शुक्रवार, शेजारचं सगळं घर अम्मनच्या देवळात. आणि त्याला जागचं हलता येत नव्हतं, कारण कल्पनाला आत घेणार होते आणि कागदावर सही करायला तो एकटाच होता.

आपले निरोप कुठे अडकलेत हे त्या बाकावर बसून त्याला पक्कं ठाऊक होतं. कुठल्या इमारतीतल्या, कुठल्या यंत्रातल्या, कुठल्या रांगेत ते पडून आहेत, सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. ती रांग त्यानंच बांधली होती, आणि आता तिच्यातून स्वतःच्या मुलीसाठी एक ओळ बाहेर काढता येत नव्हती. त्याला रडू फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं, बायकोच्या काळजीनं रडतोय, आणि त्यांनी त्याला पाणी दिलं.

तिकडे रेवा घरी पोचली तर दाराला कुलूप. आईबाबा बाहेर गेले असतील, निरोप येईलच, म्हणून ती फोन हातात धरून पायरीवर बसली. बाबा कळवल्याशिवाय राहणार नाही, हे तिच्या लेखी पक्कं होतं. पाऊण तास ती तशीच बसली. मग तिची नजर उंबऱ्याकडे गेली, आणि तिथे वाळलेलं रक्त दिसलं. तिनं लिहिलं, 'कुठे आहात?' तो निरोप जायला फोन जागा झाला, आणि अडवलेले सातही निरोप एकदम तिच्यावर कोसळले.

कल्पनाचं मनगट प्लास्टरमध्ये बसलं, कपाळाला पाच टाके पडले. चारेक दिवसांनी उमाकांतनं रेवाला समोर बसवलं आणि खुणांनी समजावलं, की फोन झोपला की निरोप बाहेरच थांबतात. म्हणून त्याला झोपू द्यायचं नाही. दर दहा मिनिटांनी मला नुसतं एक टिंब पाठव.

"असं कुणी केलं?" तिनं खुणेनं विचारलं.

"कंपनीनं," उमाकांतनं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून टिंबं यायला लागली. उमाकांतचा फोनही झोपायचाच, त्यामुळे ती दुपारी बाराला डझनभर एकदम यायची. एवढं मोठं नेटवर्क उभारणाऱ्या माणसाला आपल्या मुलीला याहून चांगला उपाय सांगता आला नाही, याची त्याला लाज वाटे. पण उपाय चालला. रेवा मुळातच हाताची मोकळी. तिनं तो वर्गातल्या सगळ्यांना शिकवला. सव्वीस मुलं चित्रं काढता काढता दर दहा मिनिटांनी टिंबं पाठवू लागली.

तीन आठवड्यांनी उमाकांतच्या साहेबानं, उपेंद्रनं, त्याला बोलावलं. उपेंद्र पुण्याचा, उमाकांतहून दहा वर्षांनी लहान, हुशार आणि स्वभावानं सरळ. त्याच्या पडद्यावर एक आलेख होता.

"उमाकांत, हे चेटपेट बघा. सकाळी नऊ ते चार, दर दहा मिनिटांनी पंचवीस-तीस हँडसेट एका अक्षराचं पॅकेट पाठवतात. मला तर आधी व्हायरसच वाटला."

"व्हायरस नाही तो," उमाकांत म्हणाला.

"मग काय आहे?"

"टिंबं आहेत."

आणि मग, इथल्या नोकरीच्या आठ वर्षांत पहिल्यांदा, त्यानं ऑफिसात रेवाबद्दल सांगितलं. चौदावी ओळ, कोरा रकाना, उंबऱ्यावरचं रक्त, सगळं.

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?" उपेंद्र म्हणाला. "एक ओळ लिहायची होतीत. मी स्वतः भांडलो असतो."

"आता लिहितो."

"लिहा, मी पुढे पाठवतो. पण यादीवर मोबाइल कंपनीची सही झाली आहे. ओळ बदलायची म्हणजे नवी आवृत्ती, ती मार्चशिवाय नाही. आणि ते विचारणार, किती गिऱ्हाइकांना त्रास आहे? सव्वीस म्हटलं तर..."

उमाकांतनं तीन पानी प्रस्ताव लिहिला. चार दिवसांनी उत्तर आलं: नोंद घेतली आहे. त्याच मेलमध्ये खाली दुसरी सूचना होती, की चेटपेटसारखी निरर्थक पॅकेटं ताबडतोब आवरावीत. काही न मागता नुसतीच टकटक करणाऱ्या फोनला अडवलेला डेटा तासातून एकदाच द्यावा. काम उमाकांतच्या नावावर होतं.

उपेंद्र त्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "एक करता येईल," तो हलक्या आवाजात म्हणाला. "काही नंबरांना सगळ्यातून सूट असते, मोठ्या साहेबांच्या. त्यात एक नंबर मी घालून घेतो. मुलीचा द्या."

"बाकीचे पंचवीस?"

"एक घातला तर कुणी विचारणार नाही. सव्वीस घातले तर सगळेच विचारतील, आणि मग तोही एक जाईल."

उमाकांतनं रेवाचा नंबर कागदावर लिहून दिला. बाप होता, दिला. तुम्ही-आम्हीही दिला असता. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं टिंबं आवरणारं कलम लिहायला घेतलं. सगळ्या मिळून अकरा ओळी झाल्या, चाचणीत एकही चूक निघाली नाही.

आता रेवाचा फोन क्षणात थरथरायचा. बापानं पाठवलं की तिनं वाचलंच. उमाकांतला रात्री झोप लागायला लागली.

मग एका सोमवारी चेटपेटचा वर्ग अचानक बंद राहिला. शिक्षकांनी सकाळी सातलाच सगळ्यांना निरोप धाडला. रेवाला तो सात वाजताच मिळाला. ती घरीच राहिली, आणि वर्ग नाही म्हणून तिनंही सगळ्यांना कळवलं. बाकीच्यांचे फोन झोपलेले. तांबरमहून, तिरुवोट्टियूरहून, कुठून कुठून दोन-दोन गाड्या बदलून मुलं आली आणि बंद फाटकापुढे उभी राहिली. टिंबं पाठवून पाठवून दमली, तेव्हा कुठे एकेकाला निरोप मिळाला.

दुसऱ्या दिवशी रेवा वर्गात गेली तर तिच्याशी कुणी बोलेना. रोज तिच्या शेजारी बसणारी नीलम दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तुझ्याकडे नवा उपाय आहे, मधल्या सुट्टीत सगळ्यांनी तिला खुणांनी सुनावलं, आणि तू तो आमच्यापासून लपवलास.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा उमाकांत स्वयंपाकघरात भाजी चिरत होता. कल्पनाचा हात अजून चालत नव्हता. रेवानं त्याच्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली, त्याला आपल्याकडे वळवलं आणि खुणांनी सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "माझ्याच फोनवर लगेच येतं. का?"

उमाकांतनं खांदे उडवले. पण ज्या मुलीनं आयुष्यभर चेहरेच वाचले, तिच्याशी खोटं बोलणं सोपं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग सावकाश, एकेक खूण सुटी करत तिनं विचारलं, "त्यांचे बाबा तुझ्या ऑफिसात नाहीत, म्हणून?"

उमाकांतनं मान हलवून हो म्हटलं.

"मग मी त्यांना काय सांगू?"

उत्तर द्यायला त्यानं दोन्ही हात वर उचलले. कल्पना ओट्याला टेकून उभी होती, तीही बघत होती. हात तसेच राहिले, आणि रेवा त्या हातांकडे बघत थांबली.