आमेन म्हणणाऱ्या बायका

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या रसासाठी द्राक्षं उकळली की आंबूस-गोड वास सुटतो आणि मला एक मैत्रीण आठवते. अशाच पातेल्याजवळ मी तिला एकटीलाच सांगितलं होतं, की माझी लेक नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलीय. त्याच आठवड्यात आमच्या इंदिरानगरच्या घरी चर्चच्या बायकांची प्रार्थना होती. लेक डोक्यावर ओढणी घेऊन दारात उभी होती. मैत्रीण डोळे मिटून मोठ्याने म्हणाली, "प्रभू, नवऱ्याला सोडून आलेल्या या पोरीच्या पापाची क्षमा कर." बायका म्हणाल्या, "आमेन." लेक आत निघून गेली. मी मैत्रिणीला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, "अगं, मी प्रार्थनाच केली ना!" मी म्हटलं, "देवाला आधीच ठाऊक होतं. तू बायकांना सांगितलंस." लेक पुन्हा चर्चला आली नाही. प्रभूच्या कृपेने त्या मैत्रिणीचंही तारण होईल, होऊ दे. मी तिला अजून माफ केलेलं नाही.