इंटरनेटचे पत्ते मागायला बसलो तेव्हा

कारखान्यांच्या आमच्या या आमली गावात मला अजूनही केबलवाल्या काकूच म्हणतात. केबल बंद होऊन जमाना झाला, आता आमचा धंदा इंटरनेटचा, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आमचे हे धुळ्याकडून इथे धाग्याच्या कारखान्यात आले. ड्युटी सुटली की गच्चीवर डिश लावून आजूबाजूच्या चाळींना केबल द्यायचे. ते गेले, वायरी राहिल्या. त्याच वायरींच्या वाटेने पुढे मुलाने इंटरनेट नेलं. मग त्याच्यापेक्षा जास्त कळणारी सून घरात आली आणि तिने सगळा कारभारच हातात घेतला. पुण्याची चांगली नोकरी सोडून हो! मी म्हटलं, पोरी, वेडी का काय तू? तर म्हणे, "तिथे दुसऱ्याचं नेटवर्क सांभाळायचे आई, इथे आपलं आहे." लायसन मात्र माझ्या नावावर. म्हणजे बघा, मालकीण मी, डोकं सुनेचं आणि शिडीवर चढायला मुलगा.

तर सांगत होते पत्त्यांचं. इंटरनेटवर बाहेर पडायचं तर पत्ता लागतो, आकड्यांचा. हे मला सुनेनेच शिकवलं, भाजी निवडता निवडता. आमच्याकडे असे पत्ते अगदी थोडे होते, आणि तेही उसने. ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही घाऊक इंटरनेट घेतो तिनेच दिलेले. त्यामुळे अख्खी गल्ली एकाच पत्त्यावरून बाहेर पडायची. समोरच्या खोलीतली कारखान्याची पोरं क्रिकेट बघताहेत, वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई मुलांचे मार्क भरताहेत, त्यांच्या सासूबाई भजन ऐकताहेत, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतंय की हे सगळं एकच माणूस करू राहिलाय. आता असा माणूस दिसला तर कुणालाही संशय येणारच की. वेबसाइटी विचारायच्या, तू माणूस आहेस का यंत्र? मग चित्रं दाखवायच्या, यातल्या बसगाड्या ओळख, यातले सिग्नल ओळख.

शिक्षिकाबाईंनी एकदा मला जिन्यातच गाठलं. "काकू, तुमचं नेट घेतल्यापासून रोज बसगाड्या शोधते मी. आता एसटीत कंडक्टरची नोकरी तरी लावून द्या."

मी म्हटलं, "आधी सासूबाईंना विचारा, त्या तिकीट काढतील का तुमच्याकडून!"

हसण्यावारी नेलं, पण सून काही हसत नव्हती. तिला पुढचं दिसत होतं. आणि ते पुढचं एक दिवस पांढरा शर्ट घालून आमच्या ओट्यावर येऊन बसलं.

हा शेजारच्या मसाट गावचा गुजराती शेठ. प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना आहे त्याचा. आमच्या ह्यांच्या केबलच्या दिवसांपासूनचा माणूस, मला बेन, म्हणजे बहीण म्हणतो, येताना कधी रिकाम्या हाताने येत नाही. त्या दिवशी पापडीचा पुडा माझ्या हातात दिला आणि गुडघा चोळत म्हणाला, "बेन, घुटनेका ऑपरेशन छे. दोन महिना घरमें बैठनेका. मेरे को घरबैठे कारखाना दिखना मंगता."

"मग दिसेल की. कॅमेरे आहेत ना तुमच्याकडे?"

"कॅमेरा छे, लेकिन दिखता नथी. बहारसे खुलता नथी. वो बड़ी कंपनीवाला आया था. बोला, शेठ, कॅमेऱ्यासाठी तुमको खुदका पत्ता देता हूं." मग खाली बघत हळूच म्हणाला, "तुम देगी तो मैं कहीं नहीं जाता. ऑपरेशनच्या पहले देना पडेगा, बस."

तो गेल्यावर सून पापडीला हातही न लावता बसली. शेठ एकटा गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण मसाटचे बाकीचे कारखानेवाले त्याच्याकडे बघून चालतात. ते गेले की आमच्याकडे उरणार चाळीतल्या खोल्या. त्यांच्या पैशांत विजेचं बिल आणि वायरी ओढणाऱ्या पोरांचा पगार कसाबसा निघेल. मग सुनेला पुन्हा पुण्याची गाडी पकडावी लागली असती. 

देशभर हे पत्ते वाटणारं एक ऑफिस आहे, त्यांच्याकडे पूर्वी एकदा तिने पत्ते मागून बघितले होते. तेव्हा आमच्याएवढ्या लहान नेटवर्कला ते जमण्यासारखंच नव्हतं. जुन्या पद्धतीचे पत्ते जगातच संपत आलेत म्हणे, आणि जे उरलेत त्यात लहानांनी कुठे शिरायचं? पण आता तिने वाचलं की नियम सोपे झालेत, छोट्यांसाठी छोटा वाटा वेगळा काढलाय. कागद भरायला बसली. तेवढ्यात मुलगा मागे येऊन उभा राहिला.

"किती लिहिलेस? एवढेच? चौपट लिही."

"लागतात तेवढेच लिहायचे असतात."

"अगं, ते कापणार! आपण चार मागायचे, ते एक देतात. तू एक मागशील तर पाव मिळेल. आयुष्यात कधी साडी घेतली नाहीस का?"

"साडी घेतली आहे. तुझ्यासोबत नाही, म्हणून स्वस्त मिळाली."

शेवटी चिरंजीव जिंकले. त्याचा निम्मा दिवस सामान आणायला वापीच्या घाऊक बाजारात जातो, तिथे खरा आकडा सांगणाऱ्याला लोक बावळट समजतात. मीही मध्ये पडले नाही. मला तरी कुठे माहीत होतं की या दुकानात घासाघीस चालत नाही?

मग काय, उत्तराऐवजी प्रश्नच आले. एवढे पत्ते कुठे लावणार? ग्राहक किती, यंत्रं कुठली, पुढे किती वाढणार? सून नवऱ्याशी बोलेना. घरात डाळ-भाताचे निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. तिकडे शेठची ऑपरेशनची तारीख पक्की झाली.

आणि एका सकाळी माझाच फोन वाजला. लायसन माझं, म्हणून नंबरही माझाच दिलेला. पत्ते देणाऱ्या ऑफिसातून एक मुलगी बोलत होती, आवाज अगदी गोड. माझी हिंदी म्हणजे निम्मी अहिराणी, पण बोलायला मी कधी घाबरले नाही.

"आंटीजी, इतने सारे एड्रेस आपको किस लिए चाहिए?"

मुलगा समोर येऊन खुणा करू लागला. सोडू नकोस, धरून ठेव! मला हसू आलं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि त्या पोरीला सगळं सांगून टाकलं. आमली सांगितली, चाळी सांगितल्या, शिक्षिकाबाईंच्या बसगाड्या सांगितल्या. शेठचा गुडघासुद्धा सांगितला. ती बिचारी ऐकत होती. बसगाड्यांना हसलीही. मग म्हणाली की आंटीजी, तुमच्यासारख्यांसाठी अडीचशेच्या वर पत्त्यांचा एक छोटा गठ्ठा असतो. तेवढाच मागितलात आणि खरा आराखडा जोडलात तर काम सोपं आहे. जास्त हवे असतील तर जास्त पुरावे, जास्त वेळ.

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "ए पोरी, अडीचशे पुरतील का गं?"

"पुरतील आई!" आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "कारखान्यांना एकेक सुटा देऊन बाकी घरांत वाटता येतील. पहिल्या दिवसापासून मी तेवढेच म्हणू राहिले!"

"पुरतात म्हणते," मी फोनवर सांगितलं. "तेवढेच दे बेटा."

मुलाने कपाळावर हात मारला. फोनवरची मुलगी म्हणाली, सोबत नव्या पद्धतीचे पत्तेही मागून ठेवा, ते हवे तेवढे आहेत, पुढे तेच चालणार. मी मुलाला म्हटलं, "बघ, घासाघीस न करता भाजीवर कढीपत्ताही मिळाला."

सुनेने त्याच दिवशी आकडा बदलून कागद परत पाठवले. पुढे आणखी एकदोन कागद मागितले, फी भरली, आणि पत्ते आले. आले म्हणजे काही पार्सल येत नाही हो, नुसता मेल येतो. पण सुनेने तो मला तीनदा वाचून दाखवला.

पत्ते यंत्रांत बसवेपर्यंत शेठ दवाखान्यात दाखल व्हायचा आदला दिवस उजाडला. सून सकाळीच मसाटला कारखान्यात गेली आणि मला धाडलं वापीला, शेठच्या घरी. फोनवर कॅमेरा उघडतोय का ते बघून सांगा म्हणाली. शेठाणीने चहा केला, ढोकळा ठेवला. शेठ फोन डोळ्यांपासून लांब धरून बसला होता. स्क्रीनवर नुसता काळा चौकोन.

"नहीं आता, बेन."

"येईल. ढोकळा खा."

"ये ऑपरेशनके बाद दिनभर यहीच देखेंगे," शेठाणी म्हणाली. "मेरी तो छुट्टी."

आणि चौकोन उजळला. कारखान्याचं अंगण, डब्यांच्या थप्प्या, एका थप्पीवर पाय सोडून बसलेला वॉचमन. "अरे! ये बैठा है!" शेठ असा ओरडला की गुडघा विसरून उठूनच उभा राहिला. आणि थप्प्यांच्या मागून आली आमची सून. केसांवर धूळ, ओढणी कमरेला खोचलेली. कॅमेऱ्याखाली उभी राहून वर बघत दोन्ही हातांनी विचारत होती, दिसतंय का?

मी फोन लावला. तिने उचललेला मला दिसलाही. काय गंमत आहे बघा, मी वापीत आणि ती माझ्यासमोर.

"दिसू राहिलीस गं. पूर्ण दिसू राहिलीस."

"शेठजी काय म्हणतात?" तिने हळूच विचारलं.

मी शेठकडे बघितलं. तो अजून वॉचमनवरच डोळे लावून होता. तसाच म्हणाला, "बड़ी कंपनीवाला परसों आनेवाला था. बोल देता हूं, मत आना. और बेन, बाजूवाले दोनों कारखाने भी पूछ रहे थे, उनको भी ऐसा करके दो."

मी तेच सुनेला सांगितलं, शब्दाला शब्द. स्क्रीनवर ती एकदम पाठमोरी झाली आणि ओढणीचं टोक चेहऱ्याकडे नेलं.

शेठने फोन जवळ ओढला, चष्मा वर केला. "बेन, वो रोती है क्या?"

"छे हो," मी म्हटलं, "तुमच्या कारखान्यात धूळच फार."